अर्ध्या औषधाची अवलाद

मेंढीच्या शेपटाजवळच्या लोकरीतून दादाने अळ्यांचा लगदा काढला आणि धाकट्याच्या पायाशी आपटला.

"हे तुझं औषध. पाणी विकतोस, तेही सख्ख्या भावाला."

"डबा सीलबंद होता."

"तोंडही तसंच ठेव. ही तपासेल. औषध पातळ निघालं, तर हा उंबरठा तुला बंद."

ही म्हणजे मधली बहीण. माश्यांच्या प्रयोगशाळेत कामाला, म्हणून घरात माशीबाई. भावाभावांच्या भांडणात मधल्याचा मृदंग होतो, थाप दोन्हीकडून. तिने निमूट अळ्या बाटलीत भरल्या.

प्रयोगशाळेतलंच पूर्ण ताकदीचं औषध तिने खिम्यात कालवलं. दादाच्या अळ्या पंगतीला बसल्यासारख्या खात राहिल्या. खोट औषधात नव्हती, अळ्यांत होती; पूर्ण ताकदही त्यांना पचत होती.

"तू त्याचीच वकिलीण," फोनवर दादा गुरगुरला.

मग तिने त्या अळ्यांच्या माश्या होऊ दिल्या आणि प्रयोगशाळेतल्या नाजूक जातीशी त्यांची सोयरीक जुळवली. त्यांची पोरं पूर्ण औषधात मेली. पण ज्या अर्ध्या औषधात नाजूक जात पटापट मरायची, त्यात ती मजेत जगली. एकाच पालकाकडून ताकद आली, तर अर्धं औषध पचतं. अशा दोघांची गाठ पडली, की त्यांच्या काही पोरांना पूर्णही पचतं. पूर्ण औषधात तसे दोघं उरलेच नसते. म्हणजे ही अवलाद कुणीतरी अर्ध्या औषधावर पोसली होती.

पूर्ण आणि अर्ध्या औषधातल्या अळ्यांच्या वाट्या घेऊन ती घरी आली. धाकटाही आला होता. बसला मात्र नाही.

"दादा, मेंढ्या औषधात बुडवताना हौदातलं पाणी खाली गेलं की काय करतोस?"

"पाणी ओततो. बाबाही तेच करायचे. औषध असतंच की खाली."

"आणि शेवटच्या मेंढ्यांना किती उरतं?"

दादाने वाट्यांकडे पाहिलं. अर्ध्या औषधाच्या वाटीत अळ्या वळवळत होत्या.

"माझ्या हौदात नाक खुपसायला तुला कुणी सांगितलं?"

"तूच," धाकटा म्हणाला. त्याने चपला पायात सरकवल्या. "उंबरठा बंद करणार होतास ना? मीच करतो."

गाडीचा आवाज विरला.

"जाऊ दे त्याला," दादा म्हणाला. "औषध किती घालायचं, तेवढं सांग."

"हे आता कितीही घातलंस तरी व्यर्थ आहे. दुसरं लागेल."

"मग आण."

"ते त्याच्याच दुकानात मिळतं, दादा," ती म्हणाली आणि वाट्यांवर झाकणं घालू लागली.