आत्याला चिकटवलेला शब्द

समानार्थी शब्द काही केल्या पाठ होईनात, तेव्हा आईने लेकीला युक्ती सांगितली, "एकेक शब्द घरातल्या माणसाला चिकटव." मग लोळत पडलेला दादा झाला आळशी, म्हणजे ऐदी. भांडं वाजलं तरी भडकणारी आत्या झाली रागीट, म्हणजे तापट.

परीक्षेच्या सकाळी पोर जिन्यात धडपडली. "डोळे कुठं होते गं तुझे?" म्हणत आत्या धावली आणि गुडघा धुता धुता स्वतःच मुसमुसू लागली.

पेपरात नेमका ‘रागीट’ आला. डोळ्यांपुढे आत्या उभी राहिली, पण ओल्या पापण्यांची.

"लिही ना गं, वेळ संपतोय," बाई म्हणाल्या.

"बाई, कालपर्यंत येत होता हो!"

शेवटी गोंधळून तिने लिहिलं, ‘मायाळू’. चुकलंय हे कळत होतं, पण खोडायला हात धजेना.