नागोजीला देवळात बंदी

माझ्या नवऱ्याला देवाने चालायला पाय दिले, पण बसायला बूड द्यायचं राहूनच गेलं. मिशनचे तम्मण्णा प्रचारक म्हणजे वडगाव-शहापूर भागात पायाला भिंगरी लावून फिरणारा माणूस. १९३१ साली मिशनने त्यांच्याकडे तरुण संघ सोपवला आणि त्यांनी वर्षभराचं काम ईस्टरच्या आत उरकायचं ठरवलं. पहाटे प्रार्थना, संध्याकाळी शास्त्राभ्यास, शनिवारी बाजारात गायन, रविवारी उपासना संपली की खेड्यांत जाऊन येशूचं शुभवर्तमान सांगणं.

"अहो, एक ना धड भाराभर चिंध्या होतील," मी म्हटलं.

"गुणा, पोरं मोकळीच हाईत. माग घरचा. कवाबी विणतील."

इथंच घोडं पेंड खात होतं. संघातली पोरं आमच्याच मंडळीतल्या विणकरांची. माग घरचा असला तरी लुगडं ठरल्या दिवशी द्यावंच लागतं. आणि पहाट म्हणजे पांजणीची वेळ. गल्लीभर उभ्या सुताचा ताणा पसरायचा आणि ऊन चढायच्या आत सुताला खळ लावायची, त्याला घरातले सगळे हात लागतात. नेमक्या त्याच वेळी पोरं मिशनच्या देवळात गुडघे टेकून बसलेली असत. बुडालेलं काम मग झोप मोडून भरून काढत.

सगळ्यांत जास्त झोप मोडायची ती नागोजीची. त्याला बाप नव्हता, घरात आई ताराबाई आणि एक माग. ढोलकी आणि गळा दोन्ही त्याचीच, त्यामुळे त्याच्यावाचून गायन उभं राहत नसे. पोरं माझ्या नवऱ्याला अण्णा म्हणत; अण्णांनी बोलावलं आणि तो आला नाही, असं कधी घडलं नाही. त्याचे डोळे खोल गेले, गालफडं वर आली. मी नवऱ्याला बोट करून दाखवत होते आणि ते म्हणत होते, "ईस्टर होऊ दे." मला त्या माणसाचा इतका राग येई की भाकरी थापताना परातच आपटायची.

ईस्टरआधीच्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारची उपासना संपली आणि आम्ही बेळगुंदीला निघालो. तिथल्या लोकांनी पहिल्यांदाच आपणहून गायनाला बोलावलं होतं. ऊन मी म्हणत होतं. सगळ्यांचा दिवस मावळेपर्यंत निर्जळी उपास, म्हणून कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा बरोबर घेतला नव्हता. मीही नाही.

अर्ध्या वाटेत ढोलकी थांबली. वळून पाहिलं तर नागोजी धुळीत पालथा पडला होता.

तम्मण्णांनी त्याला उताणा केला. ओठ पांढरे, अंग चटका बसेल इतकं तापलेलं. हाका मारल्या, गालावर मारलं, पोरगं हूं की चूं करेना. पोरं पाण्यासाठी शेतांतून धावत सुटली. मी पदराने वारा घालत होते आणि मनात एकच होतं, आता ताराबाईला काय सांगायचं?

शेवटी रुक्माबाई नावाची एक शेतकरीण घागर घेऊन पळत आली. तिने निम्मी घागर त्याच्या डोक्यावर ओतली आणि आमच्यावर तोंड सोडलं. "पोराला मारायला आणलंय व्हय रं?"

बऱ्याच वेळाने नागोजीने डोळे उघडले. पाण्याचा घोट कसाबसा गिळला आणि म्हणाला, "अण्णा, थांबू नगा. मी गातो."

ते ऐकून माझ्या नवऱ्याचं तोंड असं झालं की माझा सगळा राग तिथंच गळाला. रुक्माबाईच्या बैलगाडीतून आम्ही माघारी फिरलो. मिशनच्या डॉक्टरांनी नाडी धरली, छाती ऐकली आणि स्पष्ट सांगितलं, "काळीज थकलंय. अंथरुणावरून उठला तर माझ्याकडे आणू नका."

ईस्टरच्या सकाळी देवळाच्या दारात बघते तर नागोजी! धुतलेला सदरा, गळ्यात ढोलकी, भिंतीला धरून उभा. तम्मण्णा त्याला आडवे आले.

"माघारी जा. आज तुला देवळात जागा न्हाय."

"अण्णा, माझं काय चुकलं?" पोराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"तुझं न्हाय, माझं चुकलंय. घरी जाऊन झोप."

"घरी माग हाय, अण्णा. लुगडं आडून ऱ्हायलंय. हितं गातो न्हाय तर तिथं विणतो. झोपू कवा?"

आत मंडळी भरली होती, घंटा वाजत होती. तम्मण्णांनी नागोजीच्या गळ्यातली ढोलकी काढून माझ्या हातात दिली, वर पवित्र शास्त्राचं पुस्तक ठेवलं.

"उपासना तू चालव."

"मी? अहो, मंडळीतले वडीलधारे काय म्हणतील?"

"म्हणू देत," म्हणाले, आणि नागोजीच्या काखेत हात घालून निघून गेले.

वर्षातला सगळ्यांत मोठा सण, आणि प्रचारकाच्या जागी बायको उभी! पुढच्या बाकावरून प्रश्न आला, "तम्मण्णा कुठं हाईत?"

"झोपायला गेलेत," मी सांगितलं आणि पहिलं गीत सुरू केलं. दोन म्हातारे उठून गेले. बाकीचे गायले.

उपासना सुटल्यावर तशीच ताराबाईच्या घरी धावले. ती उंबऱ्यात बसून, शेजारच्या पोरांना हाताने गप्प करत होती. आत मागाशेजारी घोंगडं अंथरलेलं होतं. त्यावर नागोजी गाढ झोपला होता आणि त्याच्याजवळ जमिनीवरच माझा नवरा तोंड उघडं टाकून घोरत होता. झोपेतही त्यांनी त्या पोराचं मनगट धरून ठेवलं होतं, तो उठून मागावर बसेल म्हणून. मी ताराबाईच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि पोटभर रडून घेतलं.