तेवीस डाग

डाग तपकिरी होता, गोल, एका बाजूला जरा तुटलेला — फुलदाणीच्या उजवीकडे, खाली, जिथे व्हॅन गॉगने पिवळ्या टेबलाखेरीज काहीही ठेवलेलं नाही. आर्डिसने तो कागद वाळवणीच्या जाळीतून ओढून काढला, त्याखालचा काढला... तिथेही डाग. तिसऱ्यावर, नवव्यावर, दुसरीच्या वर्गाची तेवीस चित्रं आणि तेवीसही सूर्यफुलांखाली तोच डाग, त्याच कोपऱ्यात. ही कार्टी ठरवून छळतात की काय, असं वाटून तिचं डोकं सणकलं, आणि मग नजर फळ्यावर गेली. फळ्यावर तिने स्वतः काढून लावलेला नमुना होता, आणि नमुन्यावर तिच्या कॉफीच्या कपाचं बूड उमटलेलं होतं.

घ्या. एकोणीस वर्षं या शाळेत चित्रकला शिकवतेय, सप्टेंबरात ठिपके, जानेवारीत काळ्या रेघांचे चौकोन, एप्रिलमध्ये — बाहेर अजून बर्फाचा चिखल असताना — सूर्यफुलं. शेजारी मूळ चित्राची एवढी मोठी छापील प्रत टांगलेली, आणि तिच्याकडे एकानेही ढुंकून पाहिलेलं नाही. पाहिलं ते माझ्याकडे... माझ्या कपाकडे.

तेवढ्यात मुख्याध्यापक कोवाल्स्की डोकावले, वयाने तिच्याहून लहान, बोलायला गोड. सहाला पालक मुलांची चित्रं बघायला येणार, तोवर भिंत भरलेली हवी होती. डाग पाहून ते पोट धरून हसले, आणि मग म्हणाले, "अगं आर्डिस, खालून दोन बोटं कागद छाटून टाक. कुणाला कळतंय?"

कुणालाच कळणार नव्हतं, हेच तर दुखणं होतं. गावच्या वाचनालयात एकदा तिने स्वतःची अकरा चित्रं लावली होती, फार वर्षांपूर्वी... लोक लिंबाच्या वड्यांच्या बश्या घेऊन, चित्रांकडे पाठ करून, हवेबद्दल बोलत उभे होते. तेव्हाही कुणी खालून दोन बोटं छाटली असती तरी कळलं नसतं.

तिने पहिला कागद कापणीयंत्राच्या मोठ्या पात्याखाली सरकवला. मागे नाव होतं, मॅरिट. नाव वाचल्याशिवाय कुठलं चित्र कुणाचं हे तिला कधीच सांगता येत नाही — चारशे मुलं, वर्गाला चाळीस मिनिटं, कसं येणार? आणि मॅरिट स्वतःच दारात उभी होती, विसरलेला हातमोजा न्यायला आलेली.

"मिस, माझं कापणार?"

थोडंसंच, खालचं, आर्डिस म्हणाली.

"पण तेच तर अवघड होतं. फुलं सोपी होती."

मग काढलंस कशाला, असं आर्डिसने जरा तिरसटपणेच विचारलं. त्या मोठ्या चित्रात दिसतोय का कुठे तो डाग? मॅरिटने मोठ्या चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी विचारलं होतं तुम्हाला, हेपण काढायचं का म्हणून. तुम्ही म्हणालात, दिसतं तसं काढ."

म्हणाले असेन... पाठ फिरवून ब्रश धुताना. रोजच म्हणते. तो नमुना मी दहा मिनिटांत उरकला होता, मनात दुसरंच काहीतरी असताना, आणि या पोरीने त्या डागाची तुटलेली बाजूसुद्धा सोडली नाही.

मॅरिट हातमोजा घेऊन गेली. जाताना कागदाकडे पाहिलं तिने, आर्डिसकडे नाही.

आर्डिसने पात्याची मूठ सोडली आणि सगळे कागद टेबलांवर पसरले. फुलं सगळी एकसारखी, घाईची. डाग मात्र प्रत्येकाचा वेगळा — कुणाचा जाड, कुणाचा भीत भीत ठिपक्याठिपक्यांनी जोडलेला. पावणेतीन वाजले होते. कापावेत? की तसेच लावून पालकांना सांगावं की हा माझा गलथानपणा... तिने एक कागद उचलला. त्यावरचं वर्तुळ दोनदा पुसून तिसऱ्यांदा काढलेलं होतं, इतकं की तिथला कागद झिजला होता. कुणाचं हे? उलटून नाव पाहायला हात गेला, तो तिने आवरला. ओळखता आलंच पाहिजे. सप्टेंबरपासून दर मंगळवारी हे मूल माझ्यासमोर बसतंय. तिने एकेक चेहरा आठवून पाहिला... एकही त्या वर्तुळाशी जुळेना, आणि मघाशी मुलांवर निघालेला सगळा राग एकदम स्वतःवर आला. कागद उजेडाकडे धरून ती तशीच बघत राहिली, नाव न वाचता.