फर्नेसला हात लावायचा नाही

आजीला न्हाणीघराच्या फरशीवरून उचलताना आजोबांनी तिच्या काखेत हात घातले आणि मी पाय धरले. पायांत जीवच नव्हता आणि आम्ही तिघं दारात अडकलो.

"मी काय पियानो आहे का, दारात अडकवायला?" आजी म्हणाली. म्हणताना तिचे ओठ एकमेकांना चिकटत होते.

आजीला नसांचा आजार आहे. एरवी ती काठी टेकत चर्चच्या स्वयंपाकघरात नूडल्स लाटायला जाते, पण उकाडा वाढला की पाय तिचं ऐकत नाहीत. आमच्या टोलेडो शहरात पाच दिवस नुसती आग होती आणि घरात पारा चौऱ्याण्णव फॅरनहाइट! अजून पाच चढले असते तर घरालाच ताप आलाय म्हटलं असतं. कामाला जाताना आई सांगून गेली होती, संध्याकाळपर्यंत घर गार झालं नाही तर आजीला शुश्रूषागृहात हलवायचं. गेल्या उन्हाळ्यात आजी तिथे तीन आठवडे राहिली आणि परतली तेव्हा चमचा कसा धरायचा हेच विसरली होती. त्यामुळे आई गेल्यापासून आजोबा दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते.

खरं तर जूनमध्येच नवा एसी बसवला होता. बाहेर चकचकीत नवी पेटी, तळघरात मात्र आजोबांची तीस वर्षांची फर्नेस, तीच! हिवाळ्यात ती घर गरम करते आणि उन्हाळ्यात तिचाच पंखा एसीचा गारवा खोल्याखोल्यांत ढकलतो. आजोबांनी जन्मभर लोकांच्या घरी फर्नेस बसवल्या, अजूनही ओळखीच्यांच्या दुरुस्त करून देतात. एसीवाल्या मुलाने सगळंच बदला असं सुचवलं, तेव्हा त्यांनी त्याला ऐकवलं की ही एकाही हिवाळ्यात बंद पडलेली नाही, हिला हात लावायचा नाही, पंख्याची तार मी स्वतः लावीन. लावलीही, गुडघ्यांवर बसून, शीळ घालत.

जूनभर बरं चाललं. मग ही लाट आली, यंत्र दिवसभर चालू लागलं आणि फर्नेसवरच्या थंड नळ्यांवर बर्फ धरला. बर्फ धरला की वारा बंद. मशीन थांबवायचं, बर्फ वितळू द्यायचा, पुन्हा सुरू करायचं, की पुन्हा बर्फ. असं तीनदा झालं. तो मुलगा येऊन म्हणाला होता की पंखा मंद फिरतोय म्हणून बर्फ धरतोय, उघडून बघू का, तर आजोबांनी त्याला दार दाखवलं. आता कंपनी म्हणत होती, शुक्रवारी माणूस पाठवू. आज मंगळवार.

आजीच्या मानेवर ओला टॉवेल ठेवून मी तळघरात गेले. चौथ्यांदा बर्फ वितळून झाला होता. आजोबा उलट्या बादलीवर बसले होते.

"नळ्याच खराब आहेत," ते म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

मी म्हटलं, पंखा एकदा बघूया ना. दुसऱ्या कोणत्याही दिवशी त्यांनी मला वर पिटाळलं असतं. त्या दिवशी त्यांनी मुकाट्याने वीज बंद केली आणि झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेलं होतं: काळी तार जोरात, निळी मध्यम, लाल हळू.

"आजोबा, एसीला कुठली लागते?"

"काळी. झोपेतून उठवून विचार."

"आणि ही जोडलेली?"

त्यांनी ती चिमटीत धरली. "काळीच की."

निळी होती. माझ्या शाळेच्या शर्टासारखी निळी.

या वर्षापासून मी वर्गात कुणालाही फाडकन उत्तर देते आणि मला त्याचा फार अभिमान आहे. इथे मात्र मी झाकणावरची अक्षरं पुन्हा एकदा वाचली. मग वर आजी खोकली.

"ती निळी आहे, आजोबा."

त्यांनी चष्मा पुसला. बाजूला मोकळी सोडलेली काळी तार ओढून दोन्ही दिव्याखाली एकत्र धरल्या. कितीतरी वेळ धरल्या.

"मला दोन्ही सारख्याच दिसतात, नोएमी."

त्यांनी पक्कड माझ्या हातात दिली. वीज बंद आहे हे दोनदा तपासलं, कुठलं टोक कुठे ते सांगितलं आणि स्वतः मागे सरकले. कुठली धरलीस, असं मात्र तीनदा विचारलं.

बटण दाबल्यावर पत्र्याच्या नळांतून वारा असा सुटला की वर आजीच्या कपाळावरचे केस उडाले! आई आली तेव्हा पारा ब्याऐंशीवर उतरला होता आणि आजी पायाचा अंगठा हलवून दाखवत होती. शुश्रूषागृहाचा विषय कुणी काढला नाही.

जेवायला आंबट चेरीचं थंड सूप होतं. आजोबांनी ते तसंच ठेवलं. त्यांनी नाव-पत्त्यांची वही उघडली आणि फोन लावला.

"टेरेझ? मी लायोश. मार्चमध्ये तुझ्या फर्नेसच्या तारा मी जोडल्या होत्या. चुकीच्या जोडल्या असतील. उद्या येतो बघायला." मग पलीकडचं ऐकून घेत म्हणाले, "नाही, मी नाही. माझी नात बघेल. मी टॉर्च धरीन."

फोन ठेवून त्यांनी वहीचं पान उलटलं आणि पुढच्या नावावर बोट ठेवलं.