चिंधी काढली का?

माझे दोन भाऊ पाच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्यांचं ते न बोलणं सगळं मला ऐकून घ्यावं लागायचं. दादा मोठा, कारखान्यात लेथवर टर्नर. आयुष्यभर लोखंड तासता तासता त्याच्या बोलण्यालाही धार आली आहे. धाकटा म्हणजे आमचं शेंडेफळ. विमा कंपनीत खुर्ची ऊबदार ठेवतं आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून मेकॅनिक झालेलं आहे. मी मधली. मधल्यांच्या नशिबी निरोप पोचवणं असतं.

भांडण बाबांच्या गाडीवरून झालं. बाबा गेल्यावर ती दोघांच्या नावावर झाली. दादाने तिचं ऑइल बदललं, दुसऱ्या दिवशी शेंडेफळाने ती फिरायला काढली आणि अर्ध्या वाटेत इंजिनने राम म्हटला. दादाचं म्हणणं, ऑइल संपल्याचा लाल दिवा लागला तरी हा गाणी ऐकत बसला. शेंडेफळाचं म्हणणं, ऑइल गळालं आणि दिवा लागला, कारण खालचा बोल्ट ह्याने आवळलाच नव्हता. माझ्या मते दोघंही खरं बोलत होते, आणि असं भांडण कधी मिटत नाही. तेव्हापासून गाडी माझ्या गॅरेजात धूळ खात पडलेली.

सोमवारी माझं लग्न होतं. दुसरं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, एका औषधांच्या दुकानदाराशी, रजिस्ट्रारसमोर. त्याला तीन साक्षीदार लागतात; एक नवऱ्याकडचा होता, आणि माझ्याकडून मला हे दोघंच हवे होते. पहिल्या लग्नात सगळं गाव जमवलं होतं, त्याचा काय उपयोग झाला ते सगळ्यांनी पाहिलं. ह्या वेळी मला फक्त माझी माणसं हवी होती. दादा म्हणाला, तो येणार असेल तर मी येणार नाही. शेंडेफळही तेच म्हणालं, शब्दही न बदलता. एका आईची लेकरं.

मग मी जाहीर केलं की मी लग्नाला बाबांच्या गाडीतून जाणार, तुम्ही दोघं पुढे बसणार. शनिवार-रविवार हातात आहेत, इंजिन बसवा. गाडी सुरू झाली नाही तर दोघांपैकी कुणीच यायचं नाही, मी माझ्या हॉस्पिटलातल्या कुणालाही साक्षीला उभं करीन. दोघं ताबडतोब तयार झाले. प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याच्याने हे व्हायचं नाही, आणि आपण नामानिराळे राहू.

शेंडेफळाने भंगारवाल्याकडून इंजिन आणलं ते टर्बोवालं. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि गाडी पिसाळते. बाबा ही गाडी अशी चालवायचे की सायकलवाले मागे वळून त्यांची विचारपूस करत. त्या गाडीत टर्बो म्हणजे आजोबांच्या पायात स्केट्स. दादाने त्याचं नाव शिट्टी ठेवलं आणि मला निरोप दिला, "त्याला सांग, शिट्टी वाजवायची तर तोंडाने वाज." मी सांगितलं. शेंडेफळ तीन हात अंतरावर उभं होतं.

शनिवारी सकाळी चेन पुलीने जुनं इंजिन वर आलं आणि नवं खाली गेलं. काम बाबांच्या नियमाने चाललं होतं. ज्याने नट सोडला त्याने तो आपल्या वाटीत ठेवायचा, आणि त्यानेच परत आवळायचा. माझ्या स्वयंपाकघरातल्या दोन वाट्या त्यात कायमच्या गेल्या. डावी बाजू दादाची, उजवी शेंडेफळाची, आणि मध्ये मी, हातात टॉर्च आणि तोंडात निरोप. "त्याला सांग जरा वर घे." "त्याला सांग, वरच आहे, त्याचीच मान खाली आहे." मी ऑपरेशन थिएटरात नर्स आहे. तिथे सर्जन एकमेकांना काय काय बोलतात ते मी ऐकलेलं आहे, पण ते निदान थेट बोलतात.

इंजिन बसलं. दादाने ते अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलणार. तो म्हणाला, ह्याच्यावर बॉनेट बंद होणार नाही. आणि खरंच झालं नाही, टर्बो चांगला चार बोटं वर येत होता.

रविवारी दुपारी घोडं अडलं ते एका पाइपवर. टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारा वाकडा पाइप होता, तो लांब पडत होता. पाइप शेंडेफळाच्या बाजूचा, पण कापायचा तर हात टर्नरचाच हवा. नियम मोडून पाइप दादाकडे गेला. दादाने तो व्हाइसच्या जबड्यात पकडला, कीस आत जाऊ नये म्हणून पाइपच्या तोंडात चिंधी कोंबली आणि करवत चालवली. इतकं सुबक कापलं की शेंडेफळही पाहत राहिलं. मग मला म्हणालं, "ताई, त्याला सांग, पाइप लावायच्या आधी आतली चिंधी काढ."

मी सांगितलं. दादाला राग आला. तो जन्मायच्या आधीपासून मी चिंध्या काढतोय, म्हणाला, आणि बाबांच्या जुन्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्याची चिंधी माझ्या नाकासमोर नाचवली. मी पलीकडे निरोप दिला, काढली. पाइप बसला, क्लिपा आवळल्या गेल्या, पाणी भरलं, ऑइल भरलं. खालचा बोल्ट दोघांनीही स्वतंत्रपणे तपासला.

शेंडेफळाने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थरथरलं, पेटलं. मग त्याचा आवाज घुसमटला आणि ते बंद पडलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. गॅरेजात पेट्रोलचा वास पसरला.

दादा म्हणाला, त्याला सांग, भंगार ते भंगारच. शेंडेफळ म्हणालं, त्याला सांग, पाइप नीट कापता आला नाही की इंजिनला नावं ठेवायची. आणि दोघं माझ्याकडे पाहू लागले, मी पोचवीन म्हणून. मला रडू आलं. लग्नाचं नाही, गाडीचंही नाही. ह्या दोघांना एका ठिकाणी उभं करण्यासाठी मी दोन दिवस ग्रीस खाल्लं होतं, आणि आता ते सुटणार होते, आनंदाने, आपापल्या घरी.

"आजपासून निरोप बंद," मी म्हटलं. गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले, दार लावलं आणि काच वर केली. ती काच बाबांच्या काळापासून पाऊण वर जाऊन अडकते, त्यामुळे ऐकू सगळं येत होतं. ऐकण्यासारखं काही नव्हतं. दोघं इंजिनाच्या दोन बाजूंना मूग गिळून उभे. दादाने एक पाना उचलला, ठेवला. शेंडेफळाने आपल्या वाटीत पाहिलं, तीत काही उरलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने शेंडेफळ म्हणालं, "दादा, चिंधी कुठली काढलीस?"

दादाने इकडेतिकडे पाहिलं. मधे कुणीच नव्हतं. "बाबांच्या पायजम्याची," तो म्हणाला.

"माझी पिवळी होती."

शनिवारी पाइप काढून ठेवताना शेंडेफळाने पिवळं फडकं आत घातलं होतं, पडू नये म्हणून पार वळणापर्यंत ढकललं होतं. त्याला वाटलं, दादाने तेच काढलं. दादाला वाटलं, तो आपल्याच चिंधीबद्दल विचारतोय. आणि मी, जी पोट शिवायच्या आधी बोळ्यांचा हिशोब लागल्याशिवाय सर्जनला सुई देत नाही, ती "काढली" एवढं सांगून मोकळी झाले होते. दादाने क्लिपा सोडल्या, तार घालून खेचली, आणि वळणातून पिवळं फडकं बाहेर आलं.

"एवढ्या आत कोण कोंबतं रे गाढवा?"

"तू कापताना आत बघायचं नाही का?"

मी काच खाली केली नाही. हलले तर त्यांचं बोलणं बंद पडेल असं वाटत होतं. पुढच्या खेपेला इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं, आणि शेंडेफळाने ॲक्सिलरेटर दाबला तशी टर्बोने बारीक, लांब शिट्टी मारली. दादा म्हणाला, बरी वाजते. थेट त्यालाच म्हणाला.

सोमवारी बॉनेट कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधून आम्ही निघालो. दादा चालवत होता, शेंडेफळ शेजारी, नवरी मागे, तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. पहिल्याच सिग्नलला पाच वर्षांपूर्वीच्या बोल्टचा विषय निघाला, दुसऱ्याला लाल दिव्याचा. रजिस्ट्रारच्या ऑफिसासमोर गाडी थांबली तरी दोघं उतरेनात, आतच हातवारे चालले होते. माझा औषधवाला पायऱ्यांवर फुलं घेऊन उभा होता. तो घाबरून जवळ आला.

"हे दोघं भांडतायत का?" त्याने विचारलं.

"बोलतायत," मी म्हटलं. "जरा थांबू या, संपू दे त्यांचं."