पिंपातल्या अळीचे पोट

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. हिवतापाच्या दवाखान्यामागे एक प्रयोगशाळा होती. तिथे खिडकीशी माझी जागा होती. एक संशोधक बाई माझ्यावर डोळा लावून बसत. डासाच्या अळीचे पोट कसे वाढते, याचा त्यांना ध्यासच लागला होता.

अळीचे आतडे म्हणजे अंगभर गेलेली सरळ नळी. अळी सारखी खाते, कात टाकते, आणि आतड्याच्या पेशी फुगत जातात. त्यांच्या बुडाशी काही इवल्या पेशी गप्प बसून असतात. अळीचा कोष झाला की खाणे बंद. मग जुने अस्तर गळून पडते आणि त्या इवल्या पेशींतून रक्त पचवणारे नवे पोट उभे राहते. हे पाहताना बाईंना चहाचीही शुद्ध नसे.

एकदा त्यांचा थोरला भाऊ गच्चीवरच्या पिंपातले पाणी बाटलीत घेऊन आला. पाण्यात अळ्याच अळ्या!

"दादा, पिंप आजच ओतून टाक."

"वेडी का काय? नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. तुमची ती भुकटी दे, टाकतो."

ती भुकटी खाल्ली की अळीचे आतडे फाटते. बाईंनी पुडी दिली, बजावूनही सांगितले. पण दादा गवंडीकामाच्या रगाड्यात विसरला. काही दिवसांनी पुन्हा बाटली घेऊन आला. "काल टाकली, तरी वळवळतायत बघ."

बाईंनी त्यातला एक जीव माझ्याखाली ठेवला. तो वाकडा कोष होता. आत जुने अस्तर केव्हाच सुटले होते.

"उशीर झाला, दादा. हे आता खातच नाहीत. भुकटी पोटात जाणार कशी? ओत ते पाणी."

"बरं बाई, ओततो," म्हणत तो हसत गेला.

त्याने पाणी ओतले नाही. वस्तीत हिवताप होताच. काही आठवड्यांनी माझ्याखाली दादाच्याच रक्ताची काच आली. तांबड्या पेशींत अंगठ्यांसारखे परजीवी, जिकडे पाहावे तिकडे. बाईंनी माझे चाक फिरवून पुन्हा पुन्हा पाहिले. औषधे झाली, सलाइन झाले, पण ताप मेंदूपर्यंत गेला होता. दादा वाचला नाही.

नंतर वहिनी आल्या. "वन्सं, त्यांच्या रक्तातलं ते मला दाखवा."

"नको, वहिनी."

"दाखवा म्हणते ना."

त्यांनी माझ्या भिंगाला डोळा लावला. मग पुटपुटल्या, "एवढंसंच?"

घरी जाऊन त्यांनी पिंप उलटे केले आणि मग गल्लीत दारोदार फिरल्या. कुणी पाणी ओतले, कुणी दार लावून घेतले. हे मला बाईंच्या बोलण्यातून कळले.

पुढे पडदावाले नवे यंत्र आले आणि मी कपाटात गेलो. आता माझ्या भिंगावर बुरशी चढली आहे. मित्रांनो, मला कुणी पुसले नाही तरी चालेल. पण साठवलेले पाणी घट्ट झाका, आठवड्याला पिंप घासून कोरडे करा. अळी खात असते तोवरच तुमच्या हातात वेळ असतो. तिचे खाणे थांबले, की आत तुमच्या रक्तासाठी पोट तयार होत असते.