मिटल्या डोळ्यांपुढची घंटा

मी ध्यानाच्या खोलीतली घंटा बोलतेय. लोकांचं मन शांत करणं हे माझं काम, आणि मी स्वतः जन्माची काळजीखोर. आहे की नाही गंमत!

ओतारी मला ओतत होता तेव्हाच माझा जीव टांगणीला लागला होता. साचा कलंडला तर? तसं काही झालं नाही. त्याने मला टिचकी मारली, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "गोड आहे पोर!" तिथून मी ताईंकडे आले.

ताई बुद्धांनी सांगितलेलं ध्यान शिकवायच्या. वाडग्यासारखी मी एका चपट्या उशीवर बसायचे, शेजारी लाकडी दांडा. बैठक सुरू करताना आणि संपवताना तो फक्त ताईंनी उचलायचा. मधे मौन. "श्वास बघा," त्या सांगायच्या. "विचार आला, आवाज आला, वास आला, नुसतं जाणा. मागे धावू नका. बाहेर सुख शोधून दमलात ना? आता जरा आत बघा."

लोक बसायचे. कुणाचं पोट गुरगुरायचं. वकीलसाहेब तर चक्क घोरायचे आणि वर सांगायचे, "आज काय समाधी लागली!" माझी लाडकी मात्र घाबरट. तिची बहीणच तिला तसं म्हणायची. कुलूप लावलं का, इस्त्री बंद केली का, या धास्तीने ती मधेच उठून घरी फोन करायला पळायची. सगळे सुस्कारे सोडायचे.

त्या दिवशी बहिणीने तिला दारातच दम भरला, "आज उठलीस तर बघ! लाज आणतेस सगळ्यांपुढे."

"नाही गं उठणार. मेले तरी नाही."

बाहेर गार वारा होता, म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या. स्वयंपाकघरात, तिथलं चहा-दूध बघणाऱ्या काकूंनी सगळ्यांसाठी दूध तापत ठेवलं होतं. बैठक रंगात आली आणि वास आला. आधी उतू गेलेल्या दुधाचा. मग गॅसचा.

नाकं हलली. सगळ्यांना कळलं होतं हो! पण एकही डोळा उघडेना. वास आला, जाणा, धावू नका. वकीलसाहेबसुद्धा नेमके आजच जागे, तेही ताठ बसून! ताईंच्या कपाळावर आठी आली आणि गेली. अहो ताई, उचला ना दांडा! काकू आत काय करताहेत? गॅस बंद का करत नाहीत? माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. ओरडावं, तर कुणी वाजवल्याशिवाय मला कंठ फुटत नाही.

घाबरट पुटपुटत होती, "ही माझी भीतीच आहे, ही माझी भीतीच आहे." तिने बहिणीकडे पाहिलं. बहिणीचे डोळे मिटलेले. मग ती उठली, दांडा उचलला आणि मला अशी काही हाणली की मी उशीवरून खाली फरशीवर पडले. "उठा! गॅस!" असं ओरडत ती आत धावली.

काकू चक्कर येऊन ओट्याजवळ पडल्या होत्या. दुधाने विझलेल्या शेगडीतून गॅस येतच होता. घाबरटने बटण बंद केलं, धडाधड खिडक्या उघडल्या. मागून आलेल्या बहिणीने काकूंना ओढून अंगणात नेलं. मोकळ्या हवेत काकूंनी डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं? "दूध गेलं का गं सगळं?" तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

ताईंनी घाबरटचे हात धरले. त्या रडत होत्या. म्हणाल्या, "बुद्धांनी जागं राहायला सांगितलं. आणि मी तुम्हाला दगड व्हायला शिकवत होते."  बहिणीने आपली शाल काढून घाबरटच्या खांद्यावर घातली.

पडल्यापासून मला तडा गेलाय, आवाज घोगरा निघतो. परवा घाबरट शेवटपर्यंत बसली. उठल्यावर बहिणीला म्हणाली, "इतके दिवस मी एकटीच जागी आहे असं वाटायचं गं. आज तुम्ही सगळे जागे होतात, म्हणून आत जरा बरं वाटलं."

मला आनंद झाला. पण स्वभावाला औषध नाही, माझी काळजी काही जात नाही. बाबांनो, डोळे खुशाल मिटा. आतलं सुख शोधा, ते मिळो तुम्हाला. पण शेजारी कुणाचा जीव जात असेल, तर उठा हो. मला हात नाहीत.